वीस मिलिमीटरचं फूल

९ फेब्रुवारी

फूटपट्टीस,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं. खोडलं. मग कागदच बदलला, कारण खोडलेलं 'प्रिय' न खोडलेल्यापेक्षा जास्त डोळ्यांत भरतं. तेव्हा नुसतंच फूटपट्टीस.

तुझी चिठ्ठी घरून फिरून इकडे पोचली. चार महिन्यांनी चार ओळी. महिन्याला एक पडली. हिशेबाला तू पक्की, ते मला माहीत आहे. पहिल्या दोन ओळींत तू म्हणतेस, फोन करू नकोस, फोनवर तू ओरडतोस, लिही, कागदावर ओरडता येत नाही. हे साफ चूक आहे. येतं. हे बघ, आत्ताच्या 'येतं'खाली मी तीन रेघा मारल्या आणि कागदाला भोक पडलं. दिसलं?

पुढच्या दोन ओळी: 'त्या दिवशी माझं कानातलं तुझ्या हातात होतं. त्याचं काय झालं? २५ मार्चला आत्या येतेय, जोडी तिची आहे, परत द्यायची आहे.'

काय व्हायचंय? सुरक्षित आहे. कापसात आहे, कापूस डबीत, डबी कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली माझ्या गळ्यात. अंघोळीलासुद्धा काढत नाही. झालं समाधान?

मी मावशीकडे राहतोय, पत्ता वर आहेच. तुझ्या गावापासून बसने आठ तास. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर तिची एक खोली आहे, तिथे ती दागिन्यांचे सुटे भाग बनवते. अख्खा दागिना नाही, नुसते भाग: पानं, फुलं, मण्यांच्या टोप्या, माळेच्या फासाच्या कड्या. माळा ओवणाऱ्या बायका ते घेऊन जातात. बनवते कशाचे, तर चांदीच्या मातीचे. चांदीची अगदी बारीक पूड, त्यात थोडं पाणी आणि चिकटवणारं काहीतरी. कणकेसारखी मऊ असते. साच्यात दाबायची, वाळवायची, पावाच्या डब्याएवढ्या भट्टीत भाजायची. चिकट होतं ते जळून जातं, उरते नुसती चांदी. मी शिकतोय. आईने मला इकडे पाठवताना मावशीला फोनवर सांगितलं होतं, "त्याला भट्टीजवळ बसवू नकोस, दोघंही तापतील." मी शेजारीच उभा होतो. आमच्या घरात पाठीमागे बोलायची पद्धत नाही.

कॉलेज मी तुझ्यासाठी सोडलं, हे तू विसरलेली दिसतेस. मी विसरलेलो नाही. तिसऱ्या मजल्यावरून ओळखपत्र भिरकावलं, त्याचाही मला काडीचा पश्चात्ताप नाही.

तुझा,
काडेपेटी
(हे नाव तू ठेवलंस. मला आवडत नाही. पण दुसऱ्या नावाने सही केली तर तुला वाटेल मी बदललो.)

ता. क. पत्र टाकायला निघालो होतो, परत आलो. एक सुचलं. दुसरं कानातलंही पाठवून दे. मावशीकडे पितळी तारांचा ब्रश आहे, जोडी एकदम उजळून देतो. आत्याला बरं वाटेल. नाही पाठवलंस तरी चालेल. पण पाठव.


२० फेब्रुवारी

फूटपट्टीस,

मिळालं. आठ दिवसांत! मला वाटलं होतं तू दोन-तीन पत्रं घासाघीस करशील. आणि पाठवलंस कशातून, तर काडेपेटीतून. कळला टोमणा. मावशी पंधरा मिनिटं हसत होती. म्हणाली, "मुलगी डोकेबाज आहे, तुझ्या नादाला कशी लागली?" मी म्हटलं, लागलेली नाही. ती म्हणाली, "मग डोकेबाजच आहे."

आता एक स्पष्ट बोलतो, राग मानू नकोस. फूल सुंदर आहे, सहा पाकळ्या, मधे दाणे, वरती आकड्यासाठी बारीक कडी. पण खालची एक पाकळी मुडपलेली आहे. मावशीने भिंगातून पाहिलं आणि म्हणाली, "हे चांगलंच उंचावरून पडलंय." काय गं हे? दुसऱ्याची वस्तू, तीही आत्याची, आणि तू अशी आपटतेस? माझ्याकडचं बघ कसं आहे, जसंच्या तसं. मला कॉलेजात नेहमी बेजबाबदार म्हणायचीस ना? वस्तू हाताळताना माणसाचा स्वभाव कळतो. एवढंच म्हणतो.

इकडची खबर. आज साचा करायला शिकलो. सिलिकॉनचा. त्याचे दोन लगदे येतात, एक पांढरा, एक निळा. दोन्ही सारखे घ्यायचे आणि मळायचे. सगळा एकच फिकट निळा रंग झाला की थांबायचं, गोळा करून ज्याचा साचा हवा ती वस्तू त्यात दाबायची. पाच मिनिटांत गोळा रबरासारखा होतो. मग वस्तू उचलून घ्यायची, खाली तिचा ठसा राहतो. साचा वाकवता येतो, म्हणून आतली माती न मोडता सुटून येते. कितीही वेळा वापरा.

हे सगळं मावशीने सांगितलं. शेवटी म्हणाली, "मळताना दुसरं काही डोक्यात आणायचं नाही. वेळ फार थोडा असतो."

मी मळायला लागलो आणि नेमके त्या दिवशी द्रावणाचं गणित घातलेले आपले सर डोक्यात आले. ते फळ्यापाशी उभे राहून खडू कसा फिरवतात, "बोला, कोण सांगतंय?" कसं म्हणतात. मी मावशीला त्यांची नक्कल करून दाखवली. मग त्यांना त्या दिवशी काय उत्तर द्यायला हवं होतं ते दिलं. मग आणखी एक दिलं. मावशी म्हणाली, "राजे, हात." मी म्हटलं, थांब, अजून एक सुचलंय. ती म्हणाली, "अहो राजे, हात उघडा."

उघडेना. लगदा मुठीतच घट्ट झाला होता. शेवटी एकेक बोट सोडवून काढला. आता मावशीकडे माझ्या रागावलेल्या मुठीच्या आतल्या बाजूचा साचा आहे, हातावरच्या रेषांसकट. तिने तो खिळ्याला टांगलाय. माळा ओवणाऱ्या बायका आल्या की आधी तो दाखवते. एकीने विचारलं, "हे कसल्या फुलाचं?"

काडेपेटी

ता. क. उजळायला जरा वेळ लागेल. विचारू नकोस का. चांगल्या कामाला लागतो.


१ मार्च

फूटपट्टीस,

तुझं कार्ड मिळालं. 'झालं का उजळून?' तीन शब्द! तार करतेस का? होतंय.

उशीर होतोय कारण मधे एक गिऱ्हाईक आलंय. एक बाई आहे. फार खडूस. एक-एक मिलिमीटर मोजणारी. तिच्या कानातल्यांपैकी एक हरवलंय आणि तिला उरलेल्याची हुबेहूब जोडी हवी. कसं हरवलं म्हणून विचारू नकोस, मला काय माहीत. गिऱ्हाइकाला असलं विचारायचं नसतं. योगायोगाने तिचंही फुलाचंच आहे. फुलं सगळीकडे सारखीच असतात.

तर मी तिच्या फुलाचा साचा केला. यावेळी तोंड मिटून मळलं, मावशीने माझ्या तोंडात लवंग ठेवली होती. साचा असा आला की बघत राहावं. मधले दाणेसुद्धा मोजून घ्या. मातीचा गोळा तेलाच्या बोटाने चोळून साच्यात दाबला, मागून सुरीच्या पात्याने सपाट केला, खिडकीत वाळवला. साचा वाकवला तर टप्पकन फूल हातात. मी खिडकीतून खाली सायकलवाल्याला ओरडून दाखवलं. तो म्हणाला, "कुठल्या सायकलचं?"

मग भट्टी. दार उघडलं तर आत खडूसारखं पांढरंफटक काहीतरी. मी म्हटलं संपलं, चांदी जळाली. भट्टीला लाथ मारणार तेवढ्यात मावशीने माझी पँट मागून धरली. म्हणाली, "ब्रश कर आधी. मग लाथ." पितळी ब्रशने घासलं, आणि काय सांगू, पांढऱ्याखालून चांदी वर आली, गं. घासावं तिथे उजेड. मी काहीतरी पुरं केलं, आणि ते चकाकत होतं. असं मला कॉलेजात एकदाही झालं नाही.

दोन्ही फुलं शेजारी ठेवली. माझं लहान होतं.

थोडंथोडकं नाही. आई आणि मुलगी दिसत होती. मी मावशीला विचारलं, तू बदललंस का? सायकलवाल्यावरही जरा संशय घेतला. मावशी शांतपणे चहा ओतत होती. "भाजताना माती आकसते. बारा टक्के. मधलं पाणी आणि चिकट जातं ना, तेवढी चांदी जवळ सरकते."

"मग आधी सांगायचं ना!"

"सांगितलं होतं. तेव्हा तू मला सरांची नक्कल दाखवत होतास आणि हो हो म्हणत होतास."

मोजलं. मूळ फूल वीस मिलिमीटर. माझं सतरा पूर्णांक सहा. आता त्या खडूस बाईला काय तोंड दाखवू? ती लांबून ओळखेल.

पण मार्ग आहे. साचा मोठा करता येत नाही, पण फूल करता येतं. मेणाचं मोठं फूल कोरायचं, त्याचा साचा करायचा, माती त्यात दाबायची. भाजल्यावर आकसून बरोबर वीस. किती मोठं कोरायचं, एवढाच प्रश्न. आकडेमोड माझ्या डाव्या हातचा मळ आहे, तुला माहीतच आहे.

काडेपेटी

ता. क. तू माझ्याशी असं तोडून बोलतेस, पण त्या दिवशी मी गॅलरीत ओरडलो तेव्हा तू काय म्हणालीस ते मला पाठ आहे. "माझ्या नावावर तुझा राग खपवू नकोस." चार महिने मी त्यावर विचार केला. तुझं चूक आहे.


९ मार्च

फूटपट्टीस,

आठ दिवस मेण कोरतोय. डोळे बाहेर आलेत. नखाखाली मेण, केसांत मेण, काल चहात मेण. सहा पाकळ्या, दाणे, कडी, आणि हो, मुडपलेली पाकळीसुद्धा जशी मुडपली आहे तशी कोरली. (त्या बाईच्याही फुलाची एक पाकळी मुडपलेली आहे. तुम्हा बायकांना वस्तू सांभाळता येत नाहीत का?)

हिशेब असा केला. आकसतं बारा टक्के. म्हणून वीसमध्ये वीसचे बारा टक्के घालायचे, म्हणजे दोन पूर्णांक चार. बावीस पूर्णांक चारचं फूल कोरलं. मावशीला विचारलंसुद्धा नाही. ती शेजारी बसून कड्या वळत होती, एकदा माझ्या कागदाकडे बघितलं, काही बोलली नाही. मी म्हटलं, बघ, अभिमानाने गप्प झाली.

आज सकाळी भाजलं. घासलं. मोजलं.

एकोणीस पूर्णांक सात.

पुन्हा मोजलं. मोजपट्टी झटकली, फुंकर मारली, पुन्हा मोजलं. एकोणीस पूर्णांक सात. तीन दशांश कमी. बाकी कोणाला दिसणार नाही. पण ते गिऱ्हाईक! ते दोन्ही फुलं अंगठ्याखाली घेईल आणि म्हणेल, हं.

मी मोजपट्टी आपटली. मावशी म्हणाली, "तिने काय केलंय? तू बावीसमधून बारा टक्के घालवलेस आणि वीसवर बारा टक्के भरलेस. जेवढ्यातून गेलं तेवढ्यावर भरायला नको? कमी होताना मोठ्यातून कमी झालं, वाढवताना तू लहानावर वाढवलंस. पुरणार कसं?"

 खाली गेलो, सायकलवाल्याच्या बाकावर बसलो. त्याने एक जुनी ट्यूब दिली आणि म्हणाला, "फाडायचीय? ही फाड." तासभर ट्यूब फाडली.

तुला ते गणित आठवतंय ना. मला माहीत आहे तुला आठवतंय. आज पुढे लिहवत नाही.

काडेपेटी


१३ मार्च

फूटपट्टी,

खरं लिहितो. या दोन शब्दांना तीन कप चहा लागला.

गिऱ्हाईक नाही. खडूस बाई म्हणजे तू. कुलूप नाही, किल्ली नाही, डबी नाही. कानातलं माझ्याकडे नाही. पहिल्या दिवसापासून नव्हतं.

त्या दिवशी सकाळी तू मला त्याचा आकडा सरळ करायला दिलास, कारण वर्गात पक्कड खिशात घेऊन फिरणारा एकटा मीच. तास सुरू झाला म्हणून ते मुठीत धरून बसलो. सरांनी फळ्यावर लिहिलं: द्रावण आटून पंचवीस टक्के कमी झालं, पुन्हा पहिल्याइतकं करायचं तर उरलेलं किती टक्क्यांनी वाढवावं? मी उभा राहिलो. मीच, कोणी विचारलंही नव्हतं. छाती काढून म्हणालो, पंचवीस. सर म्हणाले, "सातवीतल्या पोराला विचारून या." सगळा वर्ग हसला.

वर्ग हसला त्याचं काही नाही. तू हसलीस. मी वळून पाहिलं तेव्हा तू वहीवर हात ठेवून, मान खाली घालून हसत होतीस, खांदे हलत होते.

मी बाहेर आलो. तू मागून आलीस, अजून हसूच होतं तोंडावर, आणि विचारलंस, "कानातलं झालं का?" आणि मी गळ्यातलं ओळखपत्र ओढून काढलं, ओरडलो, की तुझ्यासाठी सोडतोय हे कॉलेज, तुला कमावून दाखवतो, आणि भिरकावलं. ओळखपत्र भिरकावलं ते ठरवून. त्याच मुठीत कानातलं होतं, हे हात रिकामा झाल्यावर कळलं. मग खाली जाऊन शोधायची लाज वाटली, कारण आत्ताच तर रुबाबात निघून चाललो होतो. रुबाबात निघालेल्या माणसाला गवतात रांगत काही शोधता येत नाही.

आणि कॉलेज तुझ्यासाठी सोडलं नाही. मला येत नव्हतं. सहामाहीत दोन विषय उडाले होते, तुला सांगितलं नव्हतं. वार्षिकला सगळे उडतील अशी भीती होती. निघायला दार शोधतच होतो, तू समोर दिसलीस, तुझं नाव दाराला लावलं. तू तेव्हा जे म्हणालीस ते बरोबर होतं. १ मार्चच्या पत्रात मी 'चूक' लिहिलंय, ते खोड.

आता हे ऐक, म्हणजे मी हे अडकलो म्हणून लिहीत नाही हे कळेल. मावशीने मला उलटं गणित करायला बसवलं. वीस भागिले शून्य पूर्णांक अठ्ठ्याऐंशी. बावीस पूर्णांक सात. पुन्हा मेण कोरलं, तीन दिवस. काल भाजलं. वीस. बरोबर वीस. मावशीने दोन्ही फुलं तळहातावर घेतली, हात मिटून खुळखुळवली आणि उघडला. "राजे, मला ओळखता येत नाही."

दोन्हींना आकडे लावले. तुझीच काडेपेटी घेतली, कापूस घातला. चिठ्ठीही लिहून झाली: 'घे तुझी जोडी, म्हटलं होतं ना सुरक्षित आहे.' चिकटपट्टी लावायची राहिली होती. मावशी म्हणाली, "तिलाही ओळखता आलं नाही तर तू खूश होणार?"

मी म्हटलं, होणारच.

ती म्हणाली, "बरं." आणि कड्या वळायला लागली. अशी 'बरं' म्हणते ना ती बाई, की माणसाने ओरडलेलं परवडतं.

मी मोठ्याने म्हटलं, मग एवढे पंधरा दिवस कशाला मला शिकवलंस? ती म्हणाली, "मला वाटलं हात शिकेल तोवर डोकं निवेल."

तर ती चिठ्ठी फाडली. या पाकिटात फक्त हा कागद आहे. खरं फूल माझ्याजवळ आहे, या वेळी खरंच. सांगशील तेव्हा आणि सांगशील तसं पाठवतो. माझं केलेलं फूल आत्याला देऊ नकोस. द्यायचंच ठरलं तर मी केलंय हे सांगून दे. आत्याच्या पाया पडायला मी येतो. ती मारेल असं तू म्हणायचीस. मारू दे.

आणि तुझ्या हातून फूल पडलं म्हणून मी बोललो, तो शहाणपणा परत घेतो. वस्तू पडतात. ज्याने फेकली त्याने पडण्यावर प्रवचन देऊ नये.

सहीला नाव सुचत नाही.

मी


१९ मार्च

फूटपट्टी!!!

हो, तीन रेघा मारल्यात. कागद जाड आहे, फाटत नाही, म्हणून आणखी दोन मारतो.

पुडकं आत्ता मिळालं. मी उभ्याने फोडलं. आतून माझं ओळखपत्र बाहेर पडलं. माझं! तोच फोटो, ज्यात मी फोटोवाल्याशी भांडून नुकताच बसलोय. नाडी उन्हाने विटलेली. आणि खाली तुझं पत्र. पूर्ण पान! मी ते मावशीला मोठ्याने वाचून दाखवत होतो. तिसऱ्या ओळीला कागद तिच्या हातात दिला, पुढचं तिने वाचलं.

'तू जिन्याने खाली गेलास तेव्हा मी गॅलरीतून बघत होते. ओळखपत्र खाली सायकलस्टँडच्या पत्र्यावर पडलं होतं. शिपायाची शिडी घेऊन चढले. कानातलं नाडीत अडकून बसलेलं, एक पाकळी तेवढी मुडपली. मी विचारलं होतं, त्याचं काय झालं. खरं सांगशील म्हणून. तू लिहिलंस, सुरक्षित आहे. ते खरंच होतं, माझ्या कपाटात होतं. मग तू दुसरं मागितलंस, म्हणून मुडपलेलं तेच पाठवलं. म्हटलं, बघून तरी बोलेल. तू उलट मला वस्तू सांभाळायला शिकवलंस.'

 मावशी खिडकीपाशी जाऊन पदराने डोळे पुसत होती, हसून. "उंचावरून पडलंय म्हटलं होतं की नाही मी?" सायकलवाला खालून विचारतोय काय झालं, ती त्याला सगळं ओरडून सांगतेय. आता हे सबंध गल्लीला ठाऊक आहे.

सव्वा महिना! सव्वा महिना तू कपाटात एक आणि माझ्या पत्रांत दुसरं ठेवून गंमत बघत होतीस. मी तुझ्याच कानातल्याची नक्कल करायला चहात मेण प्यालो. मी तुला तुझ्याबद्दलच खडूस गिऱ्हाईक म्हणून लिहिलं आणि तू ते वाचलंस! किती जणींनी वाचलं? खोलीवरच्या मैत्रिणीने वाचलं असणार. तिला सांग, मला तिच्याबद्दल काही बोलायचं नाही. मी इतका रागावलो की खिळ्यावरचा मुठीचा साचा काढून मुठीत धरला. अजून बसतो. मधे मात्र थोडी जागा राहिली. म्हणजे मूठ तेवढी घट्ट राहिलेली नाही, किंवा मेण कोरून बोटं बारीक झाली असतील. मग परत टांगून ठेवला.

आणि मग मावशीने शेवटच्या दोन ओळी वाचल्या, ज्या मी अजून ऐकल्या नव्हत्या.

'त्या दिवशी मी हसले, कारण माझ्या वहीतही पंचवीसच लिहिलेलं होतं. तू उभा राहिला नसतास तर मी राहणार होते. हात ठेवून झाकलं ते तेच.'

हे पाच महिने आधी सांगता आलं नसतं? पण मी थांबलो कुठे होतो. फूटपट्टीलाही पंचवीस आलं! सगळ्या वर्गात माझ्याइतकी चूक करणारी एकच होती आणि मी नेमका तिच्यावर भडकलो. आता मला दुसरंच वाईट वाटतंय: तू उभी राहिली असतीस आणि मी हसलो असतो, तर तू काय फेकलं असतंस?

आता कामाचं. फूल पोस्टाने पाठवत नाही. पोस्टावर विश्वास आहे, माझ्यावर आहे का ते बघायचंय. २४ तारखेला पहाटेची बस धरून स्वतः आणून देतो, आत्या यायच्या आदल्या दिवशी. पाकळी मावशी सरळ करून देत होती, मी नको म्हटलं. आत्याला काय झालं ते मी माझ्या तोंडाने सांगेन, पाकळी दाखवून. जोडी तिची तिला. माझं बरोबर वीसवालं तुझ्यासाठी आणतोय, आणि सतरा पूर्णांक सहावालं पण, कारण तू पत्राच्या कडेला पेन्सिलीने 'लहानही आण, मोठं करू नकोस' असं लिहिलंयस. एका कानात एक, दुसऱ्यात एक घातलंस तर आई आणि मुलगी दिसतील. घालून बघ तरी.

ओळखपत्राच्या मागे 'मुदत जुलैअखेर' छापलंय, त्याखाली तू पेन्सिलीने बारीक रेघ ओढलीस, तीही पाहिली. मावशीनेही पाहिली. मी आत्ता काही म्हणत नाही. पण गळ्यात घालून बघितलं. नाडी आखडलीय, डोक्यातून जेमतेम गेली.

२४ ला संध्याकाळी पाचला मी कॉलेजात त्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीखाली, सायकलींच्या पत्र्याजवळ उभा असेन. तू वर गॅलरीत ये. ओरडायचं असेल तर ओरड, कागदावर तुलाही जमत नाही हे आता कळलं. आणि काही फेकावंसं वाटलं तर बिनधास्त फेक. या वेळी खाली मी आहे, झेलतो.

तुझा,
काडेपेटी